पुढें कोणी चालावें ?

पायीं प्रवास करणें ही आतां हौसेची बाब होऊन बसली आहे. आमच्या आजोबांच्या पिढीस तो निरुपाय होता आणि वडिलांच्या पिढीस काटकसर होती. आज मात्र दारांत वाहन उभें असतां जो मनुष्य चार दिवस चालत जातो, त्याच्या प्रकृतीची चौकशी न करतां घरचीं माणसें त्याच्या बुद्धीचीच चौकशी करूं लागतात. त्यांतून तो साठीच्या उंबरठ्यावरचा असला म्हणजे विचारावयासच नको. आमचीही अशी चौकशी झाली. तिला दाद न देतां आम्ही गेलों. त्या चार दिवसांपैकीं तिसऱ्या दिवशीं जें घडलें तें कित्येक वर्षें आम्हीं कागदावर उतरविलें नव्हतें, कारण त्यांत आमच्या शहाणपणास शोभा येण्याजोगें कांहीं नाहीं. परंतु एकत्र कुटुंबांत वडीलपणा भोगणाऱ्या मंडळींस तें उपयोगी पडेल असें वाटल्यावरून आज तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचें घर पुण्याच्या कसबा पेठेंत आहे. एका अंगास कसबा गणपति, दुसऱ्या अंगास तांबट आळी. लहानपणीं गजराच्या घड्याळाची आम्हांस कधीं गरज पडली नाहीं. आळींतल्या हातोड्यांचा ठोका सुरू झाला कीं उजाडलें असें समजावें. तांब्याच्या भांड्यास आकार आल्यावर त्याच्या अंगावर हातोडीनें एकाशेजारीं एक असे ठोके देतात, त्यास मठारकाम म्हणतात. त्यायोगें पत्रा घट्ट होतो आणि भांड्याच्या अंगावर ती टिकल्याटिकल्यांची झळाळी उमटते. परक्यास हा आवाज कर्कश वाटतो. परंतु त्यास एक लय असते, आणि ज्याचा जन्म त्या शेजारांत गेला त्यास कोणत्या दुकानांत कोण बसला आहे हें लयीवरून सांगतां येतें.

आमच्या तिघां सोबत्यांपैकीं एक त्याच आळींतले कारागीर. सारी आळी त्यांस आप्पा म्हणते. चाळीस वर्षें मठारकाम करून त्यांचे कान गेले आहेत. समोर उभें राहून मोठ्यानें बोललें तर ऐकूं येतें. पांचपंचवीस पावलांवरून मारलेली हांक पोंचत नाहीं. दुसरे सोबती वैद्यबुवा आणि तिसरे टपालखात्यांतून निवृत्त झालेले, त्यांस आम्ही पोस्टमास्तर म्हणतों. चौघेही एका शाळेंतले, एका वर्गांतले. बाक मात्र निरनिराळे. आमचा पहिला, आप्पांचा शेवटचा.

हा प्रवास आम्हीं नव्यानें योजिला नव्हता. तो राहून गेलेला होता. १९७४ सालीं जुन्या अकरावीची, म्हणजे आमच्या बोलण्यांतली मॅट्रिकची, परीक्षा आटोपल्यावर आम्ही चौघे कसबा गणपतीपुढें नारळ वाढवून पायीं निघालों होतों. सिंहगड, राजगड आणि तोरणा असे तीन किल्ले एका ओळीनें चालून जावयाचे, असा बेत होता. राजगडावर आम्हांस ज्वर चढला आणि सर्वांस माघारें फिरावें लागलें. पुढें नोकऱ्या लागल्या, संसार झाले, आणि राजगडावरून समोर पाहिलेला तोरणा तसाच समोर राहिला. २०१६ सालीं आम्ही शाळेंतून निवृत्त झालों तेव्हां वैद्यबुवांनीं जुनी आठवण काढली, आणि २०१७ च्या जानेवारींत मुहूर्त लागला. निघतांना आमच्या सौभाग्यवतींनीं एवढेंच सांगितलें, "आप्पाभावजींना सांभाळा. तुम्ही चालूं लागलांत कीं मागें वळून पाहत नाहीं, हें मला लग्नापासून ठाऊक आहे." आम्ही तो विनोद समजून हंसलों.

पहिल्या दोन दिवसांचा वृत्तांत थोडक्यांत सांगतों. कसब्यांतून सिंहगडाची वाट धरण्यांत आम्हां पेठकरांस विशेष अभिमान वाटतो. १६६३ सालीं लालमहालांत शाइस्तेखानावर छापा घालून शिवाजीमहाराज सिंहगडाकडेच निघून गेले, आणि तो लालमहाल आमच्याच पेठेंतला. आज तेथें उभी असलेली वास्तु विसाव्या शतकांतली आहे, तरी अभिमानास तेवढी जागा पुरते. पहिल्या दिवशीं खडकवासल्यावरून सिंहगड गांठला. दुसऱ्या दिवशीं कल्याण दरवाजानें उतरून विंझरवरून गुंजवणें आणि तेथून चोरदरवाजाच्या खड्या वाटेनें राजगडाच्या पद्मावती माचीवर पोंचलों. मुक्कामीं आम्हीं सोबत्यांस इतिहासही सांगितला. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत २३ किल्ले मोगलांस द्यावे लागले आणि १२ महाराजांकडे राहिले. सिंहगड गेला, राजगड आणि तोरणा राहिले. तो गेलेला सिंहगड परत घेण्यास १६७० सालीं तानाजी मालुसऱ्यांस देह ठेवावा लागला. सोबत्यांस हें सर्व ठाऊक होतें, तरी त्यांनीं तें मुकाट्यानें ऐकून घेतलें.

सांगण्याचें काम जसें आमच्याकडे, तसेंच पुढें चालण्याचेंही. त्याविषयीं कोणीं ठराव केला नव्हता. अडतीस वर्षें मुलांच्या रांगेच्या अग्रभागीं चाललेला मनुष्य निवृत्त झाला म्हणून मागें चालूं लागेल, ही कल्पना इतरांच्या मनांत येत नाहीं आणि त्याच्या स्वतःच्या तर नाहींच नाहीं. आमच्या खिशांत आमच्या अक्षरांतलें वेळापत्रक होतें. किती वाजतां निघावयाचें, कोठें बसावयाचें, किती मिनिटें बसावयाचें, सर्व त्यांत होतें. दोन दिवस तें आम्हीं तंतोतंत पाळलें आणि त्याबद्दल आम्हांस धन्यता वाटत होती. दोन्ही दिवशीं मुक्कामावर आप्पा आमच्यानंतर पाऊण तासानें येऊन पोंचले होते. परंतु वेळापत्रकांत त्यास रकाना नव्हता.

तिसऱ्या दिवशीं पहांटे पद्मावतीच्या देवळांत थंडीनें जाग आली. राजगडास तीन माच्या आहेत, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. आणि त्यांच्यामधोमध उंच बालेकिल्ला. मुरुंबदेवाच्या डोंगरावर महाराजांनीं हा गड उभारला, आणि रायगड राजधानी होण्यापूर्वीं पंचवीस वर्षांच्या आसपास राज्याचा कारभार येथून चालला. आमची वाट संजीवनी माचीवरून होती. ही माची सोंडेसारखी लांब पसरत आणि टप्प्याटप्प्यानें उतरत गेली आहे. तिच्या कांठास कांहीं ठिकाणीं दुहेरी तट आहे. बाहेरचा तट आंतल्या तटास चिलखतासारखा. दोन तटांमधल्या अरुंद जागेंतून जातांना आप्पा थांबले, घडीव दगडावरून हात फिरविला आणि म्हणाले, "मास्तर, हें काम घाईनें झालेलें नाहीं हो." आम्हीं घड्याळ पाहिलें.

आळू दरवाजानें बाहेर पडल्यावर उतरण लागली. सुटे दगड, वाळलेलें गवत आणि पावलापावलास घसरगुंडी. खालीं खिंडींत डांबरी सडक लागते; तेथें पोंचावयास साडेनऊ झाले, म्हणजे वेळापत्रकाहून अर्धा तास अधिक. आप्पा सर्वांच्या शेवटीं आले आणि सडकेच्या कडेस उभे राहून म्हणाले, "मास्तर, जरा टेकूं या का ?" तेथें सावली होती, सपाट जागा होती, आणि कोणास पुढें जाणें नको झाल्यास परत फिरण्यास सडक होती. टेकण्यास त्याहून चांगली जागा पुढें नव्हती. आम्हीं घड्याळावर बोट ठेवलें, समोरच्या चढाकडे हात केला आणि मोठ्यानें सांगितलें, "वर गेल्यावर !" आप्पा हंसले आणि त्यांनीं पिशवी पुन्हां खांद्यास लावली. ते एका पायावर भार कमी देत होते. तें आम्हीं पाहिलें नाहीं असें म्हटलें तर खोटें होईल. पाहिलें, आणि जमेस धरलें नाहीं.

सडक ओलांडल्यावर वाट पुन्हां डोंगराच्या धारेवर चढते आणि तोरण्यापर्यंत बहुतेक धारेवरूनच जाते. दोन्ही अंगांस दऱ्या. डावीकडे खोलवर भाटघर धरणाचें पाणी चकाकत होतें. वर ऊन, वारा आणि मधूनमधून पुरुषभर उंचीची कारवी. हिच्याच काठ्यांचे कूड विणून डोंगरांतलीं माणसें घरें बांधतात. कारवींत शिरल्यावर पुढचा मनुष्य दहा पावलांवर दिसेनासा होतो, आणि माणसांची वाट कोणती व गुरांची कोणती हें नवख्यास ओळखूं येत नाहीं. आमचा क्रम ठरलेला होता. सर्वांपुढें आम्ही, मग वैद्यबुवा, मग पोस्टमास्तर, आणि सर्वांमागें ज्यांस हांक ऐकूं येत नाहीं ते आप्पा. हा क्रम आम्हींच लावला होता. म्हणजे ज्यास जसें चालवेल तसें चालूं दिलें होतें, आणि त्यासच क्रम म्हणत होतों.

मध्यान्हीं धारेवर धनगराचें एक घर लागलें. हे गवळी धनगर. गाई-म्हशी पाळून डोंगरावरच वस्ती करणारे. अंगणांत एक म्हातारी बाई शेणी थापीत बसली होती. तिनें हात धुतले, आम्हांस सावलींत बसविलें आणि विचारलें, "ताक घ्या, बाबा. किती मानसं हायती ?"

"चौघं," आम्हीं सांगितलें.

तिनें चार पेले मांडून ताक ओतलें. तिघांनीं तीन पेले उचलले. चौथा जमिनीवर तसाच राहिला. आम्हीं आमचा पेला अर्धा संपविला होता, तेव्हां आमची दृष्टि त्या चौथ्या पेल्यावर गेली.

"आप्पा कोठें आहेत ?" आम्हीं पोस्टमास्तरांस विचारलें. त्यांनीं मागें पाहिलें. "येत होते कीं," ते म्हणाले. "कारवी लागली तेव्हां मागेंच होते." कारवी लागली त्यास तास होऊन गेला होता. आम्ही पंधरा मिनिटें वाट पाहिली. बाईनें चौथ्या पेल्यावर ताटली झांकली. मग आम्ही तिघेही उठलों.

आप्पांपाशीं भ्रमणध्वनि होता, पण त्या धारेवर कोणाच्याच यंत्रास संदेश मिळत नव्हता. श्रवणयंत्रही होतें, परंतु वाऱ्यांत त्यांत नुसती घरघर होते म्हणून तें त्यांनीं सकाळींच डबींत घालून पिशवींत ठेवलें होतें. त्यांच्या बाटलींत पाणी किती उरलें असेल याचा हिशेब पोस्टमास्तर मनांतल्या मनांत करीत होते. खिंडींत कोणीं बाटल्या भरल्या नव्हत्या, कारण खिंडींत कोणी थांबलेंच नव्हतें. बाईनें आपला दहाबारा वर्षांचा नातू आमच्याबरोबर दिला. तो अनवाणी पुढें आणि आम्ही त्याच्या मागें, असे आल्या वाटेनें फिरलों.

कारवींत शिरल्यावर आम्हीं हांका मारण्यास आरंभ केला. वर्गावर कमावलेला आवाज. समोरच्या कड्यावरून प्रतिध्वनि येई. "आप्पा ! आप्पा हो !" पुन्हां, पुन्हां. वैद्यबुवा थोडा वेळ गप्प होते. मग शांतपणें म्हणाले, "मास्तर, हांका कोणास मारतां ?"

त्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. साऱ्या रानास ऐकूं जाईल असा आमचा आवाज, आणि ज्यास ऐकूं जावयास हवा त्या एकट्यास तो पोंचणें शक्य नव्हतें. घसा कोरडा पडला होता. खरें म्हणजे भीति वाटत होती. दोन्ही अंगांस दऱ्या होत्या हें वर सांगितलेंच आहे. घरीं परत गेल्यावर त्यांच्या मुलापुढें काय बोलावें याचीं वाक्यें, इच्छा नसतांही, मनांत जुळूं लागलीं होतीं. आम्ही खालीं बसलों. पोरगा तोंडावर बोट ठेवून म्हणाला, "गप ऱ्हावा. आयकू द्या."

प्रथम वाऱ्याखेरीज कांहींच ऐकूं आलें नाहीं. मग, फार खालून, डाव्या अंगाच्या उतारावरून, धातूवर ठोका पडल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हां आला. चार ठोके जवळजवळ, मग एक उसंत. चार ठोके, एक उसंत. पोरगा म्हणाला, "म्हशीची घाट असल." परंतु तो आवाज आम्हांस ठाऊक होता. जन्मभर त्या आवाजानें आम्ही जागे झालों होतों. दगडधोंड्यांच्या त्या रानांत तांबट आळी बोलत होती.

पोरगा आवाजाच्या रोखानें सरळ खालीं घुसला. गुरांची एक पायवाट धारेवरून फुटून उतारावर गेली होती. तिनेंच आप्पा उतरले होते. वीस मिनिटांनीं आम्हीं त्यांस पाहिलें. एका खडकाच्या सावलींत ते पाय पसरून बसले होते. उजव्या जोड्याचा तळ पुढून उकलून जिभेसारखा लोंबत होता, अंगठा ठेंचाळून रक्तानें भरला होता, ओंठ पांढरे पडले होते. एका हातांत पाण्याचा रिकामा तांब्याचा गडू, त्यांनीं स्वतः घडविलेला, आणि दुसऱ्या हातांत गोटा. आम्ही अगदीं समोर जाऊन उभे राहिलों तेव्हां त्यांनीं ठोके थांबविले.

वैद्यबुवांनीं त्यांस घोटघोट पाणी दिलें, त्यांत चिमूटभर मीठ आणि साखर घातली, अंगठा धुऊन बांधला. मग आम्ही त्यांच्या कानाशीं वांकून विचारलें, "आप्पा, हें ठोकण्याचें कसें सुचलें ?"

ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही हांका मारीत असाल हें मला ठाऊक होतें. मला ऐकूं येत नाहीं. पण तुम्हांला तर येतें ना?"

त्यांनीं हें टोमणा म्हणून म्हटलें नव्हतें. टोमणा मारणें त्यांच्या स्वभावांत नाहीं. अडचण जशी होती तशी त्यांनीं मांडली आणि तींतून वाट काढली. आम्हीं आपल्या सोयीची हांक मारली, त्यांनीं आमच्या सोयीची. गडूचें एक अंग चेपून आंत गेलें होतें. आयुष्यभर भांड्यास आकार देणाऱ्या हातांनीं आपलेंच भांडें विद्रूप केलें होतें, आणि त्याकडे पाहून ते किंचित् शरमल्यासारखे दिसत होते.

त्यांच्याजवळ बसलों असतां आम्हांस त्रेचाळीस वर्षांपूर्वींचा दिवस आठवला. राजगडावरून ज्वराच्या भरांत आम्ही उतरत होतों. तेव्हां वैद्यबुवा आणि पोस्टमास्तर पुढें होते, आमच्या पाठीशीं आप्पा होते. त्यांच्या एका खांद्यावर त्यांचें गांठोडें आणि दुसऱ्यावर आमचें. आमचें पाऊल डळमळलें कीं मागून एक हात खांद्यावर येई, आणि पाऊल सावरलें कीं तो हात जाई. सबंध उतारावर त्या हातानें एकदांही आम्हांस घाई केली नाहीं. इतकी गोष्ट आम्ही कशी विसरलों, याचें आश्चर्य वाटतें. बहुधा पुढें चालणाऱ्यास मागचे दिसत नाहींत तसे मागले दिवसही दिसत नसावेत.

आतां पुढें काय ? पोरगा म्हणाला, खालीं उतरलें तर गांव आहे, सडक आहे. आम्हीं वेळापत्रक खिशांतून काढण्याचा हात आवरला, आणि त्या प्रवासांत प्रथमच आप्पांस विचारलें, "तुम्ही सांगा, काय करूं या ?"

आप्पांनीं वर पाहिलें. तेथून तोरण्याची बुधला माची दिसत होती. "तोरणा बघायचा आहे," ते म्हणाले. "त्रेचाळीस वर्षें झालीं. पण हळू."

पोस्टमास्तरांनीं सुतळीनें जोड्याचा तळ बांधून दिला. टपालाचीं गांठोडीं बांधलेला हात, गांठ सुटली नाहीं. धनगराच्या घरीं परत आलों तेव्हां झांकलेला पेला तसाच होता. आप्पांनीं तो रिकामा केला, मग आणखी दोन. बाईनें सर्व हकीकत नातवाकडून ऐकली आणि आमच्याकडे पाहून विचारलें, "बाबा, म्होरं कोन चालत व्हतं ?" आम्हीं आमच्याकडे बोट केलें. ती म्हणाली, "राखनदारानं म्होरं चालून कसं चालंल ? गुरं मागनं राखत्यात. अन् लंगडं जनावर म्होरं घालावं, मंजी समदी त्याच्या चालीनं चालत्यात." इतकें बोलून ती पुन्हां शेणी थापावयास बसली. ताकाचे पैसे ती घेईना. पोरग्याच्या हातांत वहीपुस्तकांसाठीं म्हणून ठेवले तेव्हां कोठें घेतले.

मग आमचा नवा क्रम लागला. सर्वांपुढें आप्पा, मग पोस्टमास्तर, मग वैद्यबुवा, आणि सर्वांमागें आम्ही. आप्पा थांबले कीं सर्वांनीं थांबावयाचें. पहिला अर्धा तास हें आम्हांस असह्य झालें. पाय आपोआप बाजूनें पुढें काढूं पाहत. त्यानंतर हळूहळू दिसूं लागलें. वैद्यबुवा उतारावर डावा गुडघा हातानें दाबून धरतात, हें आम्हीं तीन दिवसांत पाहिलें नव्हतें. पोस्टमास्तर प्रत्येक चढाच्या माथ्यावर थांबून दूरवर पाहतात, तें दृश्यासाठीं नसून दम घेण्यासाठीं असतें, हेंही तेव्हांच कळलें. तीन दिवस आम्ही ज्यांच्याबरोबर चाललों असें समजत होतों, त्यांचें चालणें आम्हीं त्या दुपारीं प्रथम पाहिलें.

तोरण्याच्या अंगास वाट खडी होत जाते आणि शेवटीं एका कातळास लोखंडी शिडी लावलेली आहे. त्या शिडीवरून आप्पा सर्वांआधीं वर गेले. बुधला माचीवर पाऊल ठेवलें तेव्हां सूर्य मावळतीस टेकला होता. पुणें जिल्ह्यांतल्या किल्ल्यांत हा सर्वांत उंच, ४,६०० फुटांवर. महाराजांनीं स्वराज्याच्या आरंभीं घेतला म्हणून याचें तोरणा हें नांव सार्थ वाटतें, आणि विस्तारावरून प्रचंडगड हेंही. मागें राजगड होता, आणि सकाळीं निघालों ती संजीवनी माची सांवळ्या रेघेसारखी दिसत होती. आप्पा कितीतरी वेळ तिकडे पाहत उभे होते. वेळापत्रकाप्रमाणें आम्ही दुपारीं तीन वाजतां तेथें यावयास हवे होतों. कोकण दरवाजानें आंत शिरून मेंगाई देवीच्या देवळांत पोंचलों तेव्हां चांगलाच अंधार पडला होता. दुसऱ्या दिवशीं वेल्ह्यास उतरून एस्‌. टी. नें परत आलों.

संस्कृतांत वाटसरूंच्या तांड्यास सार्थ म्हणतात. आपला साथ हा शब्द त्यावरूनच आलेला आहे. पुरोहित या शब्दाचा धात्वर्थ 'पुढें ठेवलेला' असा आहे. आपण होऊन पुढें गेलेला असा नव्हे. हे दोन्ही शब्द आम्हीं वर्गांत किती वेळां फोड करून सांगितले असतील त्याची गणति नाहीं. मुलांनीं तीं व्युत्पत्तीचीं उत्तरें पाठ केलीं, आम्हीं गुण दिले, आणि कोणाच्याही चालण्यांत फरक पडला नाहीं, आमच्या तर नाहींच.

तेव्हांपासून एक गोष्ट मनास टोंचत राहिली आहे. अडतीस वर्षें आम्हीं ज्या वेगानें शिकविलें तो पहिल्या बाकाचा वेग होता. पहिल्या बाकावरून उत्तर आलें कीं वर्गास समजलें असें धरून आम्ही पुढें जात असूं. शेवटच्या बाकांवर आमचा आवाज पोंचत होता यांत शंका नाहीं. पण हांक पोंचत होती कीं काय, हें आम्हीं कधीं मागें जाऊन पाहिलें नाहीं. त्या बाकांवर कितीजणांचे जोडे उकलले असतील, आणि कितीजणांजवळ ठोकावयास गडूही नसेल ! त्यांस आतां आम्ही शोधून काढूं शकत नाहीं.

घरांत मात्र अजून वेळ आहे. आमचें घर मोठें. दोन भाऊ, त्यांच्या सुना, नातवंडें, आणि ऐंशी उलटलेल्या वहिनी. पूर्वीं आळंदीस जावयाचें असो, लग्नाचा मुहूर्त असो कीं नुसतें जेवावयास बसावयाचें असो, वेळ आम्हीं सांगावी आणि सर्वांनीं धांवावें अशी रीति होती. तींत कोण धांपा टाकतो हें आम्हांस दिसत नसे. अलीकडे निघण्याची वेळ वहिनींस विचारून ठरवितों. थोरल्या नातीस गणित लवकर उमगत नाहीं. तिच्याशेजारीं बसून ती पान उलटेपर्यंत थांबण्याचा अभ्यास चालविला आहे. तो आम्हांस साधला असें म्हणवत नाहीं. परवांच घड्याळाकडे पाहिलें म्हणून तिनें आम्हांस हटकलें.

तो चेपलेला गडू आप्पांनीं परत आल्यावर आमच्या घरीं आणून दिला. त्याचे पोचे काढून त्यास नीट मठारून देतां आला असता. त्यांच्या हातास तें अर्ध्या तासाचें काम. आम्हींच नको म्हटलें. देवघराशेजारच्या कोनाड्यांत तो तसाच ठेविला आहे, आणि सौभाग्यवती दर शुक्रवारीं चिंचेनें तो घांसतात. सकाळीं आम्ही चौघे अजूनही शनिवारवाड्यापर्यंत फिरावयास जातों. आप्पा पुढें असतात. जुन्या संवयीनें आमचें पाऊल कधीं त्यांच्या बरोबरीस गेलें, तर वैद्यबुवा मागून आमच्या सदऱ्याचें टोंक धरतात.